छपराचा कौल

वर्लिन हॉगस्टॅडने अमेरिकेच्या संसदेचं भवितव्य आपल्या गॅरेजमध्ये बसून ठरवायला घेतलं, तेव्हा त्याची बायको लव्हॉन त्याला एवढंच म्हणाली होती, "ठरव बाबा. पण आधी माझ्या पाट्या लाव."

पाट्या निवडणुकीच्या. लव्हॉन आमच्या विलो फॉर्क गावच्या कौन्सिलसाठी उभी होती, आणि का उभी होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तळ्याकाठी बर्फाचं रिंक आहे, तिथे पोरं स्केटिंग करतात. रिंकच्या कडेला एक शेकायची खोली आहे. आत गॅसची मोठी शेगडी, भिंतीला बाकं. पोरांनी आत बसून बुटांच्या नाड्या बांधायच्या, खेळून गारठली की परत येऊन हात शेकायचे, असा आमच्या लहानपणापासूनचा रिवाज. तर कौन्सिलवरच्या कर्ट मॅटफेल्डने गॅसचं बिल फार येतं म्हणून त्या खोलीला कुलूप ठोकलं. मिनेसोटाच्या जानेवारीत! पोरं बर्फाच्या ढिगाऱ्यावर बसून बधिर बोटांनी नाड्या ओढायला लागली. लव्हॉनने जन्मभर शाळेच्या खानावळीत याच पोरांना आणि त्याआधी त्यांच्या आईबापांना जेवू घातलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या कर्टला पाडीन आणि ते कुलूप माझ्या हाताने काढीन," असं म्हणून ती तडक उमेदवारीचा अर्ज भरून आली.

"लावतो गं. उद्याच लावतो," वर्लिन पाट्यांकडे बघत म्हणाला. उद्या हा नवरे लोकांना फार सोयीचा वार आहे.

वर्लिनचाही सगळा दोष नाही म्हणा. यंदाची निवडणूक मध्यावधी. म्हणजे राष्ट्राध्यक्ष जागच्या जागी, पण त्याच्या पायाखालची संसद हलणार. लाल पक्ष वाढणार की निळा पक्ष वाढणार, कोण किती जागा गमावणार, यावर टीव्हीवर टायवाली माणसं सकाळ-संध्याकाळ भांडत होती आणि त्यांचं ऐकून आमच्या कॅफेतली टोपीवाली माणसं भांडत होती. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला मध्यावधीत दणका बसतो, एवढं तर कॅफेतलं रिकामं भांडंसुद्धा सांगेल. पण दणका केवढा? आणि आपल्या मतदारसंघात बसणार का? तिथे गाडी अडायची. आणि गाडी अडली की वर्लिन मिशीला हात लावायचा.

कारण वर्लिनराव हे अंदाजातले गृहस्थ. पीकविमा कंपनीत गारपिटीचं नुकसान ठरवण्यात त्यांची हयात गेली. गारा पडल्या की मक्याच्या शेतात जायचं, दोरीने एक चौकोन आखायचा, त्यातली फाटलेली पानं मोजायची आणि त्यावरून सगळ्या शेताचा आकडा सांगायचा. निवृत्तीनंतर शेत गेलं, दोरी राहिली. कॅफेत कुणी पूर्वीसारखं "वर्लिन, किती रे नुकसान?" असं विचारेना. बिचारा रोज कोपऱ्यातल्या गोल टेबलावर बसून कॉफी पीत होता आणि अंदाज करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आतल्या आत कुढत होता.

मग एका सकाळी त्याच्या डोक्यात वीज चमकली. मतदारसंघ म्हणजे तरी काय? एक मोठं शेतच! आणि अंगणातल्या पाट्या म्हणजे पानं! एक चौकोन आखायचा, पाट्या मोजायच्या, बास. टीव्हीवाले लोकांना फोन करून विचारतात आणि लोक फोनवर खोटं बोलतात. पण स्वतःच्या हिरवळीवर कुणी खोटी पाटी लावतं का?

"वा!" शेजारचा गॉर्डी प्रिबिल म्हणाला. हा दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, आणि याला कशावर मत नाही असा विषय नाही. "पण मी काय म्हणतो, त्यापेक्षा केसाळ सुरवंट बघ. यंदा मधला पट्टा रुंद आहे. माझी आई त्यावरून हिवाळा सांगायची."

"हिवाळा आणि संसद वेगळी असते गॉर्डी."

"दोन्ही नोव्हेंबरात येतात आणि दोन्हींत आपलीच थंडीने मरायची वेळ येते," गॉर्डी म्हणाला. कॅफेतली वाढणारी बाई म्हणाली की सुरवंटाबिरवंटाला काही अर्थ नाही, लोक ॲपल पाय जास्त मागायला लागले की सत्ता पालटते. वर्लिनने दोघांकडे करुणेने पाहिलं. शास्त्र कशाशी खातात हे माहीत नसलेल्या माणसांत राहायचं म्हणजे मनाला फार त्रास होतो.

गॅरेजमध्ये नकाशा काढायला फळी हवी होती. लव्हॉनच्या पाट्या एका बाजूने छापलेल्या, दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत, पांढरीशुभ्र. वर्लिनने त्यातल्या काही शेजारी शेजारी ठोकल्या आणि कोऱ्या बाजूवर मतदारसंघ काढला. झाला नकाशा! उरलेल्यांवर आलेख काढले. 'लव्हॉन हॉगस्टॅड — पोरांना शेकू द्या' ही अक्षरं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आता मोजायला निघाला, तर गल्लीच्या टोकालाच पोलिसांची गाडी. दुर्बीण घेऊन एक मिशीवाला इसम लोकांच्या अंगणात डोकावतो आहे, अशी तक्रार गेली होती. वर्लिनच्या मानी स्वभावाला केवढी ठेच! जन्मभर ज्या गावाची पानं मोजली त्या गावात आपण इसम! पोलिसाने त्याला गावच्या कचेरीत धाडलं. कचेरी म्हणजे आर्डिस. आमच्या गावचे जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने आणि निवडणुका ही एकच बाई चालवते आणि चारही बाबतींत तिला कुणाची घाई चालत नाही.

"दारोदार फिरायचं असेल तर फेरीवाल्याचा परवाना लागतो," आर्डिस चष्म्यावरून म्हणाली.

"मी फेरीवाला नाही!"

"मग झाडं छाटणारा? छाटणाऱ्यांचा वेगळा असतो."

"आर्डिस, तू मला ओळखत नाहीस का?"

"चांगली ओळखते. म्हणून तर विचारते. काय विकणार?"

"काही विकत नाही. अंदाज सांगतो. पुढे काय होणार ते."

आर्डिसने जाडजूड नियमावली काढली, पानं उलटली आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "गावाच्या हद्दीत पैसे घेऊन भविष्य सांगायला बंदी आहे. जुना नियम आहे, जत्रेतल्या तंबूवाल्यांसाठी केलेला. तू पैसे घेतोस?"

"एक पैसा नाही!"

"मग हरकत नाही. फुकट सांगणाऱ्याला गाव काही करू शकत नाही," असं म्हणून तिने त्याच्या कोटावर फेरीवाल्याचा नारिंगी बिल्ला लावला. "आणि हे बघ, लव्हॉनला सांग, प्रचाराला जरा जोर लाव. कर्टच्या पाट्या सगळीकडे दिसतात. हिची एक दिसली नाही मला."

"उद्याच लावतोय," वर्लिन म्हणाला.

त्या नारिंगी बिल्ल्यामुळे निम्म्या गावाने त्याला बघून दारं लावली आणि उरलेल्या निम्म्याने व्हॅक्यूम क्लिनर नको म्हणून सांगितलं. एका म्हातारीने मात्र आत बोलावून बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश खाऊ घातली आणि शेवटी विचारलं, की विकायला आणलेले ब्रश दाखवतोस ना? वर्लिनने हे सगळे अपमान गिळले, कारण त्याला असं काही दिसायला लागलं होतं की दुसरं काही सुचेना.

ब्रेके! जिकडे तिकडे ब्रेके!

आमचा मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या लाल. खासदार ओस्टरहाउस इतकी वर्षं निवडून येतोय की त्याचा प्रचार कसा करायचा हे तोही विसरलाय. त्याच्याविरुद्ध निळ्यांनी जेनेल ब्रेके नावाची कुठल्यातरी लांबच्या गावची गुरांची डॉक्टरीण उभी केली होती, नुसती रीत म्हणून. आणि आता गल्लीमागून गल्ली, अंगणामागून अंगण, निळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरात 'ब्रेके'! खाली एक चांदणी आणि ओळ: 'वरचं सगळं आम्ही सांभाळतो!' मेपल रस्त्यावर तर एकही घर सुटलं नव्हतं. जन्माचे लाल, ज्यांच्या कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा लाल पट्टा, त्यांच्या हिरवळीवर ब्रेके!

"वरचं म्हणजे वॉशिंग्टनचं," वर्लिन गॉर्डीला म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "काय घोषणा आहे बघ! गॉर्डी, ही लाट आहे लाट! अख्ख्या देशात कुणाला पत्ता नाही आणि मला दिसतेय!"

"खाली फोन नंबर कसला?"

"पक्षाचा असेल. तपशिलात शिरू नकोस."

"बरं, पण तुझ्याही अंगणात आहे की एक."

वर्लिन पाहतच राहिला. खरंच! त्याच्याच हिरवळीवर, टपालपेटीशेजारी, ब्रेके! म्हणजे लव्हॉनसुद्धा! चाळीस वर्षांच्या संसारात जिने आपण लाल की निळे हे नवऱ्याला कळू दिलं नाही, तिने उघड उघड पाटी लावली! वर्लिनला भरून आलं. तिला तो काही बोलला नाही, कारण अंदाज सांगणाऱ्याने घरच्या मतात पडू नये असा त्याचा दंडक होता. चौकोनात मात्र स्वतःचं अंगण धरलं.

आकडा आला. ब्रेकेबाई प्रचंड मतांनी विजयी.

आमच्या गावच्या रेडिओवर सकाळी लोक जुनी कपाटं आणि कोंबडीची पिल्लं विकायला फोन करतात. लायल नावाचा निवेदक तो कार्यक्रम चालवतो. वर्लिनने फोन केला तेव्हा लायलने सवयीने विचारलं, "काय विकायचंय?" वर्लिन म्हणाला, "विकायचं नाही. एक भूकंप सांगायचाय." आणि डुकरांचे भाव आणि मयतांच्या बातम्या यांच्यामधल्या जागेत त्याने भूकंप सांगितला.

अहो, काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! गोल टेबलावर वर्लिनसाठी जागा राखून ठेवायला लागले. "या, ज्योतिषीबुवा," म्हणत लोक खुर्ची ओढायचे. लालवाले त्याला निळा म्हणायला लागले, निळे म्हणाले की हा छुपा लाल आहे, आम्हाला गाफील ठेवतोय. "शास्त्राला रंग नसतो," असं तो बशीत चमचा ठेवत म्हणायचा. पुढच्या आठवड्यात लायलने पुन्हा बोलावलं, मग दर आठवड्याला. ओस्टरहाउसच्या कचेरीतून दोन घाबरलेली पोरं येऊन नकाशाचे फोटो काढून गेली. खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ती म्हणाली, "खरं सांगू का काका, तुमच्या गावात आम्ही एकही पाटी पाठवलेली नाही." वर्लिन म्हणाला, "बाई, तेच तर मोठेपण! लोकांनी आपल्या पैशांनी छापल्या!" बिचारी फोनवरच रडली. शेवटी राजधानीच्या शहरातून टीव्हीची गाडी आली आणि वर्लिनने गॅरेजसमोर उभं राहून साऱ्या राज्याला सांगितलं, की खरा देश बघायचा असेल तर विलो फॉर्कचं अंगण बघा.

कॅमेरावाल्याने नकाशा नीट दिसावा म्हणून फळी जरा फिरवली, तेव्हा लव्हॉन दारात उभी होती. तिला आपल्या पाट्या कुठे आहेत ते दिसलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आत गेली, कोट घातला आणि कुठल्या शेजारणीकडून चार पुठ्ठे घेऊन स्वतःच्या हाताने अक्षरं काढत बसली. त्या संध्याकाळी वर्लिनने घाईघाईने एक पाटी सोडवली आणि अंगणात नेऊन रोवली. जमीन टणक झालेली, म्हणून माती जिथे मऊ होती तिथे, म्हणजे झुडपाच्या मागे.

"दिसतेय का कुणाला ती?" लव्हॉनने विचारलं.

"सशांना दिसत असेल," गॉर्डी कुंपणावरून म्हणाला. "वर्लिन, माझं ऐक. जगाचं राहू दे, आपल्या घरचं बघ. कर्ट भारी पडतोय."

"अरे, ते एवढंसं कौन्सिल! आणि लव्हॉन येणारच. तिला कोण मत देणार नाही?" वर्लिन म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला फार दिवस झोपू देणार नव्हतं.

मतदानाचा दिवस उजाडला. मतदान नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात. वर्लिन दार उघडायच्या आधीच हजर. कायद्याप्रमाणे दारापासून लांब, खडूने आखलेल्या रेषेबाहेर त्याने घडीची खुर्ची मांडली, थर्मास ठेवला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. मध्ये मध्ये लायलला फोन. "गर्दी आहे लायल! तुफान गर्दी! मध्यावधीला अशी गर्दी मी जन्मात पाहिली नाही!" गॉर्डी आला, मत देऊन गेला. लव्हॉन आली. रेषेपाशी थांबून म्हणाली, "तू येतोस का आत?" वर्लिन टीव्हीवालीशी बोलत होता. त्याने हाताने खूण केली, येतोच. तीन म्हाताऱ्यांना त्याने स्वतःच्या गाडीतून आणलं, हात धरून पायऱ्या उतरवल्या, बाहेर आल्यावर कुणाला दिलं म्हणून विचारलं, पुन्हा घरी सोडलं. दुपारी पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं तरी गडी हलला नाही. संध्याकाळी आर्डिसने दार लावलं, तेव्हा त्याने खुर्ची मिटली आणि समाधानाने हात चोळले. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

निकाल ऐकायला सगळं गाव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जमलं. प्रत्येकाच्या छातीवर 'मी मत दिलं' असा गोल कागदी बिल्ला. मत दिल्यावर दाराशी बसलेली बाई तो देते आणि आमच्याकडे तो दिवसभर मिरवायचा असतो. हॉलच्या दारात वर्लिनचा हात सहज छातीकडे गेला. तिथे फेरीवाल्याचा नारिंगी बिल्ला होता. दुसरं काही नव्हतं.

वर्लिन जागच्या जागी थिजला. आठवून बघितलं. सकाळी, दुपारी, म्हाताऱ्यांना उतरवताना... दाराशी गेला होता, आत गेलाच नव्हता! दिवसभर सगळ्या गावाला मत विचारणाऱ्या माणसाने मत दिलंच नव्हतं!

धावत गाडीकडे गेला. मागच्या निवडणुकीचा झेंडा छापलेला बिल्ला गाडीत काचेखाली चिकटलेला होता, उन्हाने विटलेला. नखाने सोलून काढला, थुंकी लावून कोटावर दाबला आणि घाम पुसत आत आला. लव्हॉन समोरच उभी. तिची नजर बिल्ल्यावर गेली आणि तिथेच थांबली. वर्लिननेही तिच्या बिल्ल्याकडे पाहिलं. यंदा आर्डिसने शाळेतल्या पोरांची चित्रस्पर्धा घेऊन नवे बिल्ले छापले होते. तिच्या छातीवर, गॉर्डीच्या छातीवर, हॉलमधल्या प्रत्येकाच्या छातीवर हिवाळी टोपी घातलेला एक मासा हसत होता. एकट्या वर्लिनच्या छातीवर झेंडा होता.

लव्हॉन पुढे झाली. तिने त्या बिल्ल्याचा निसटता कोपरा बोटाने नीट दाबला आणि गोड वड्यांचं ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेली.

इतक्यात पडद्यावर निकाल आला. ओस्टरहाउस विजयी! साधा नाही, सपाटून! ब्रेकेबाई विलो फॉर्कमध्येसुद्धा झोपल्या होत्या. हॉलमधल्या सगळ्या माना वर्लिनकडे वळल्या. टीव्हीवाली माइक घेऊन निघाली. तेवढ्यात निळं जॅकेट घातलेला एक तरणाबांड गडी लोकांना बाजूला सारत आला आणि त्याने वर्लिनचा हात गदागदा हलवला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? महिनाभर रेडिओवर नुसतं ब्रेके, ब्रेके! तीन गावांतून काम आलंय!"

"तुम्ही कोण?" वर्लिनने विचारलं.

"मी टायलर ब्रेके. छपरंवाला. जूनमध्ये गारपीट झाली ना, तेव्हापासून अख्ख्या गावाची छपरं मीच करतोय. काम झालं की अंगणात पाटी लावतो. वरचं सगळं आम्ही सांभाळतो! तुमचंही छप्पर मीच केलं, काकूंनी सांगितलं होतं. तुम्ही गॅरेजमध्ये काहीतरी मोजत होता." मग त्याने आवाज खाली आणला. "का हो, निवडणुकीला माझ्या आडनावाचं कुणी उभं होतं का?"

गारपीट! गारपिटीने! ज्या गारांच्या जिवावर वर्लिनने उभी हयात काढली, त्याच गारांनी त्याला भर हॉलमध्ये, भर कॅमेऱ्यासमोर तोंडघशी पाडलं! जनतेने कौल दिला होता खरा, पण तो छपराचा. गॉर्डी इतका हसला की त्याला खाली बसवून पाणी पाजावं लागलं.

वर्लिनने तेही सोसलं असतं. पण मग आर्डिस मंचावर चढली आणि चष्मा पुसत तिने गावचे निकाल वाचले. कौन्सिल: कर्ट मॅटफेल्ड आणि लव्हॉन हॉगस्टॅड, समसमान मतं.

हॉलमध्ये एकच हलकल्लोळ! समसमान! एक मत, एकच मत इकडचं तिकडे झालं असतं तरी! "कोण तो गाढव ज्याने मत दिलं नाही?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. वर्लिनने कोटाची वरची बटणं लावून घेतली.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. फेरमोजणी झाली, पुन्हा समसमान. कॅफेत तो जाईना. गोल टेबलावरची त्याची खुर्ची मंडळींनी कोट टाकायला घेतली. घरात लव्हॉन नेहमीसारखी बोलत होती, वाढत होती, आणि तेच त्याला सहन होईना. तळ्यावर पहिला बर्फ धरला. खिडकीतून पोरं दिसायची, ढिगाऱ्यावर बसून नाड्या ओढणारी. शेवटी एका सकाळी तो कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाला, "लव्हॉन, मला तुला काहीतरी..."

"माशाबद्दल का?" लव्हॉन टोस्टला लोणी लावत म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या हॉलला माहीत होतं, वर्लिन. तुझा झेंडा होता, आमचा मासा. कुणी बोललं नाही, एवढंच." तिने सुरी खाली ठेवली. "मला राग कशाचा आला सांगू? तू सगळ्या गावाला विचारलंस कुणाला मत दिलं म्हणून. मला नाही विचारलंस एकदाही, की लव्हॉन, तुझं कसं काय चाललंय."

 वर्लिन उठला, गॅरेजमध्ये गेला आणि त्याने नकाशा उतरवला. मग पाट्या एकेक सोडवून, अक्षरांची बाजू वर करून, भिंतीला लावून ठेवल्या. उशीर झाला होता, पण त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

समसमान मतं पडली की आमच्याकडे नाणं उडवतात. कायदाच आहे तसा. कौन्सिलच्या खोलीत बसायला जागा नव्हती, टीव्हीवालीसुद्धा आलेली. आर्डिसने चांदीचा जुना डॉलर काढला, दोन्ही बाजू सगळ्यांना दाखवल्या आणि म्हणाली, "आडनावात एच आधी, एम नंतर, म्हणून आधी हॉगस्टॅड. लव्हॉन, तू बोल. छापा की काटा?"

कर्ट टोपी चुरगळत उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता, म्हणजे माणूस अगदीच दगड नव्हता. लव्हॉनने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती मागे वळली. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, वर्लिन अंग चोरून उभा होता.

"वर्लिन, इकडे ये. काय पडेल?"

खोलीत हशा पिकला. वर्लिनचे कान लाल झाले. "नको गं. मला नको विचारूस. मी आता कुठलाच अंदाज सांगणार नाही."

"मी विचारतेय. नीट विचार कर आणि सांग. तुझं शास्त्र काय म्हणतं?"

इतक्या दिवसांनी कुणी विचारलं! तेही तिने! वर्लिन पुढे आला. डॉलर हातावर तोलला, उजेडाकडे धरला, नखाने कडा तपासल्या. आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली, मान ताठ झाली, हात मिशीकडे गेला. "हे बघ," तो म्हणाला, "चेहऱ्याच्या बाजूला कोरीव काम खोल आहे, म्हणजे तिकडचा धातू कमी झाला. पाठीमागे गरुड आहे, तो पसरट, म्हणजे वजन गरुडाकडे. जड बाजू खाली जाणार. वर चेहरा राहणार. छापा! लव्हॉन, छापाच!"

"नक्की?"

"शंभर टक्के! माझ्या नावाने लिहून ठेव!"

लव्हॉनने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. मग आर्डिसकडे वळून ठणठणीत आवाजात म्हणाली, "काटा."

वर्लिनचा आ वासलेला राहिला. डॉलर वर गेला, दिव्याखाली लकाकला, टेबलावर आपटला, गोल गोल फिरला. सगळी खोली पुढे झुकली. आर्डिसने त्यावर वाकून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काटा!"

अहो, छप्पर उडालं असतं, टायलर ब्रेकेने केलेलं म्हणून टिकलं! गॉर्डी बाकावर चढून नाचला, बाया रडल्या, लायलने थेट रेडिओवर किंचाळून डुकरांचे भाव बंद पाडले. कर्टने येऊन लव्हॉनचा हात हातात घेतला आणि खिशातून शेकायच्या खोलीची किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

वर्लिन मात्र डॉलरकडे बघत उभा होता. "पण मी छापा म्हणालो होतो," तो पुटपुटला. "मी स्पष्ट छापा म्हणालो होतो."

"म्हणूनच तर!" गॉर्डी म्हणाला.

वर्लिनने दुखावलेल्या नजरेने बायकोकडे पाहिलं. लव्हॉनने त्याच्या कोटावरून तो विटलेला झेंडा सोलून काढला, आपल्या पर्समधला टोपीवाला मासा तिथे चिकटवला आणि वरून दोनदा थोपटलं. "मत नाही दिलंस," ती म्हणाली, "पण अंदाज तर दिलास."

डिसेंबरात खोली उघडली. शेगडी धगधगायला लागली, बाकांवर पोरांची दाटी झाली. नव्या कौन्सिलबाईंनी पहिला हुकूम काढला तो नवऱ्यावर: रोज संध्याकाळी खाली बसून लहान पोरांच्या नाड्या बांधायच्या. वर्लिन बांधतो, आणि झकास बांधतो. गोल टेबलावरची खुर्चीही त्याला परत मिळाली आहे. हल्ली तर काही घ्यायचं-द्यायचं असलं की गावातले लोक आवर्जून त्याचा अंदाज विचारून जातात, आणि लोकांना अखेर शास्त्राची किंमत कळली म्हणून तो खूश असतो.

परवाच गॉर्डी हात शेकत म्हणाला, "काय रे, यंदा थंडी कधी हटेल?" वर्लिनने एका पोराच्या बुटाची गाठ मारली, खिडकीतून तळ्याकडे पाहिलं, मिशीला हात लावला आणि म्हणाला, "फेब्रुवारीतच वितळणार सगळं. यंदा हिवाळा लवकर आटपतोय, लिहून ठेव."

लव्हॉनने तिथल्या तिथे गॅसवाल्याला फोन लावला आणि एप्रिलअखेरपर्यंतचा गॅस मागवून ठेवला.